चालू माईक द्या आपल्या पोरांच्या हातात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या तालुक्यातल्या पोराची बातमी फोटोसकट आली, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात त्याला चांगलं काम मिळालं म्हणून. वाचून लई बरं वाटलं. गावात बॅनर लागलेत, मुंबईहून आला की सत्कार कुणी आधी करायचा यावरून मंडळांची ओढाताण चालू आहे, त्याची आजी येईल-जाईल त्याला मोबाईलमध्ये व्हिडिओ दाखवायली. सगळं खरं आहे आणि आनंदाचं आहे. पण बातमीत त्याचं नशीब एका रात्रीत उघडलं अशा अर्थाचं लिहिलंय, ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. नशीब एका रात्रीत उघडलेलं नाही. मी अंबाजोगाईत साउंड आणि मंडपाचा धंदा करतो, शाळेची गॅदरिंग, गणपती, जयंत्या, सप्ते, लग्नं, सगळीकडं माझंच सामान असतं, आणि हा पोरगा पाचवीत असल्यापासून माझ्या माईकवर बोलत आलाय. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, बातमीत आलेलंच आहे, आणि मला जे सांगायचंय ते त्याच्या एकट्याबद्दल नाहीच.

पहिल्यांदा ऐकला तो जिल्हा परिषदेच्या शाळेच्या गॅदरिंगला. जानेवारी महिना. आता आपल्या बीड जिल्ह्यात जानेवारीत गाव कसं असतं ते सांगायला नको, दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला मजुरांच्या टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकातल्या कारखान्यावर, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ज्यांना थोडीफार शेती आहे ते एवढेच. ह्याचे आईवडील पण कोयत्यावरच होते. म्हणजे गॅदरिंगला पोरगं स्टेजवर अन् मायबाप उसाच्या फडात, हे आपल्याकडं शेकडो पोरांचं होतं, अजून पण होतं, त्याच्यावर कुणी लिहीत नाही.

तर त्या शाळेतल्या एका सरांनी पाच पोरांची बतावणी, म्हणजे छोटं विनोदी नाटुकलं, बसवली होती. स्क्रिप्ट म्हणजे हजेरीच्या जुन्या रजिस्टरची मागची पानं. हा झाला होता मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार. मजूर उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, मागायला येतो, मुकादम अंगठा जिभेला लावून नोटा मोजतो, मोजून झाल्या की म्हणतो थांब परत मोजतो, आणि दर वेळी मोजताना एक नोट गुपचूप खिशात जाती. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाया, आज्या, सगळ्यांना माहीत होतं की हे काय चाललंय, त्यांच्याच घरची उचल होती ती. असल्या हसल्या की विचारू नका, एक जण तर पदर तोंडाला लावून रडायलीय का हसायलीय तेच कळंना. आणि पोरगं थांबलं. हसू खाली येईपर्यंत नोटा हातात धरून नुसतं बघत उभं राहिलं, घाई नाही काही नाही, मग हळूच पुढचं वाक्य टाकलं. मी मिक्सरवर बसलेलो. मोठमोठे वक्ते, पुढारी ऐकलेत मी, टाळी पडली की ती संपायच्या आत पुढं बोलतात आणि अर्धं वाक्य वाया जातं. दहा-अकरा वर्षाच्या पोराला थांबायचं कुणी शिकवलं होतं काय माहीत.

अजून एक गोष्ट सांगतो, माझ्या धंद्यातली आहे म्हणून मला जास्त दिसते. शाळेचं बजेट म्हणजे एक स्टँडचा माईक आणि दोन बॉक्स, कधी कधी तर नुसते चोंगे. नाटकातल्या पाच पोरांना मिळून एक माईक. मग ज्याचं वाक्य त्यानं पुढं यायचं, बोलायचं, मागं जायचं, सगळ्या शाळांत हेच, बघणाऱ्याला पण सवय झालेली असते. ह्या पोरांनी त्याचंच नाटक केलं. मुकादम माईक सोडतच नाही. मजुराला बोलायचं असलं की आधी मुकादमाला विनवायचं, मुकादम माईकवर हात ठेवून ऐकून घेणार, आणि मजूर काय म्हणाला ते स्वतःच उलटंपालटं करून लोकांना सांगणार. शेवटी चार मजूर मिळून स्टँडच उचलून दुसरीकडं नेतात. वायर ताणली म्हणून मी धावलो, लोकांना वाटलं मी पण नाटकातलाच, अजून हसले. सामानाची अडचण होती ती त्यांनी कामाला लावली, आणि ही अक्कल पुस्तकातून येत नाही, समोर माणसं बसलेली असतात तेव्हाच येते.

मग ती पाच पोरं आजूबाजूच्या गावात जायला लागली. गणपतीत, शिवजयंतीला, १४ एप्रिलला, सप्त्यात काल्याच्या आदल्या रात्री. ट्रॅक्टरमध्ये बसून जायची, मिळायचं काय तर नारळ, वह्या, कधी जेवण. पण दर वेळी लोक वेगळे. एका गावात मुकादमावर हसले ते दुसऱ्या गावात मुकादमच पहिल्या रांगेत बसलेला असला की गप्प बसायचे, मग तिथंच त्या वेळेला काहीतरी बदलायचं. मी म्हणतो त्याचं खरं शिक्षण तिथं झालं.

आणि आपल्याकडं हे नवीन थोडीच आहे. लोकांना वाटतं कॉमेडी टीव्हीतून आली. इथून पैठण किती लांब आहे? नाथमहाराजांनी सोळाव्या शतकात भारुडं लिहिली, कधी जोशी, कधी वासुदेव, कधी बहिरा, मुका, आंधळा, एकेकाचं सोंग घेऊन माणूस समोरच्याला हसवत हसवत त्याचीच खोड दाखवतो. एकटा माणूस उभा, मागं टाळकरी, समोर गाव, आणि मधेच एखाद्या बाईला नाहीतर पाटलाला धरून प्रश्न विचारायचा. सिल्लोडकडचे निरंजन भाकरे ज्यांनी ऐकलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळंल, हजारो लोकांना एकटा माणूस धरून ठेवायचा. २०२१ मध्ये कोरोनात गेले. आजकाल पुण्यामुंबईत एकटा उभा राहून बोलतो त्याला स्टँडअप म्हणतात, आमच्याकडं ते गळ्यात वीणा आणि पायात चाळ बांधून चालू होतं.

हायस्कूल झालं, कॉलेज लागलं, आणि कॉलेजात त्याला युवक महोत्सव सापडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दरवर्षी विद्यापीठाचा युवक महोत्सव असतो, संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडं आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडं. त्यात स्किट असतं, सहा पोरं आणि दहा मिनिटं. मिमिक्री असती, एकटा आणि पाच मिनिटं. मूकाभिनय, एकांकिका, भारूड, पोवाडा, सगळं. वेळ संपली की संपली. त्याची मिमिक्री मी ऐकलीय, परळीची एसटी घाट चढताना गिअर कसा बदलते, रसवंतीचं घुंगरू, अन् त्याच आवाजात शेवटी एका पुढाऱ्याचं भाषण सुरू होतं ते कळतच नाही कधी झालं. पण पहिल्या वर्षी काय झालं, त्याच्याकडं सामान वीस मिनिटाचं आणि वेळ पाचच मिनिटं, निम्म्यातच बंद करावं लागलं. रात्री दुकानात येऊन वायरी गुंडाळता गुंडाळता मला म्हणला, भाऊ, पंधरा मिनिटं फुकटच बोलायलो होतो मी इतके दिवस. तेव्हापासून एक एक शब्द तासून बोलायला लागला.

पुढं एकांकिका झाल्या. पुरुषोत्तम करंडक पुण्यात १९६३ पासून चालू आहे, मुंबईत सवाई एकांकिका स्पर्धा होते २५ जानेवारीच्या रात्रभर, राज्य नाट्य स्पर्धा तर आपल्याकडच्या केंद्रांवर पण होते. संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. म्हणजे कॉलेजात असेपर्यंत पोराला रस्ता आहे, हे मान्य करायला पाहिजे आणि त्या प्राध्यापकांना, तालीम घेणाऱ्यांना हात जोडले पाहिजेत.

त्याच विभागातले लक्ष्मण देशपांडे सर. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा त्यांचा एकपात्री प्रयोग, त्यात एकटा माणूस बावन्न पात्रं करायचा, गिनीज बुकात नोंद झाली. तो उभा राहिला ह्या मातीत, आणि बोली आपलीच. सर २००९ ला गेले, आणि पुढं तोच प्रयोग आपल्या माजलगावच्या संदीप पाठकांनी हातात घेतला. मकरंद अनासपुरेंनी आपली बोली मोठ्या पडद्यावर हिरोच्या तोंडी आणली, त्याच्या आधी असं बोलणारा माणूस म्हणजे नोकर नाहीतर रामागडी. जिगीषा नाट्यसंस्थेवाले चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, सगळी मंडळी संभाजीनगरची, ऐंशीच्या दशकात मुंबईला गेली आणि मराठी नाटकात त्यांनी काय करून दाखवलं ते सगळ्यांना माहीत आहे. मला ह्या सगळ्यांचा अभिमान आहे. पण ही नावं एकापुढं एक ठेवली की दिसतं काय, तर बहुतेक सगळ्यांना इथून उठून जावं लागलं. तेव्हा पण आणि चाळीस वर्षांनी आज पण. मधल्या काळात आपल्याकडं रस्ते झाले, मेडिकल कॉलेजं झाली, कोचिंग क्लासची तर गावं वसली, आणि विनोद करणाऱ्या पोरासाठी कॉलेजनंतर काय, ह्याचं उत्तर अजून तेच आहे, गाडी धरा.

बी.ए. झाल्यावर तो दोन-अडीच वर्षं इथंच होता. त्या काळाबद्दल बातमीत एक ओळ नाही, आणि मला वाटतं तोच काळ सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण ह्याच काळात आपली पोरं गळतात. वडील म्हणायचे तलाठ्याचा फॉर्म भर, अभ्यासिका लावली होती, दिवसा अभ्यासिका आणि संध्याकाळी माझ्याकडं. स्टेजची कामं मिळायची ती कोणती? लग्नात हळदीच्या कार्यक्रमाचं निवेदन, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पैठणीचे खेळ, दहीहंडी. त्यात पैसे मिळतात, मी त्याला नावं ठेवत नाही, महाराष्ट्रात कितीतरी विनोदी कलाकारांची चूल ह्याच कामावर पेटते आणि समोरच्या बायकांना मोकळं करून हसवणं सोपं नाही. पण तिथं त्याला स्वतःचं काही बोलायला मिळत नव्हतं. उखाणे घ्या, फुगे फोडा, मधेच आयोजक येऊन कानात सांगणार साहेबांचं नाव अजून दोनदा घ्या. एका मंडळानं तर कार्यक्रम करून घेतला आणि पैसे आज देतो उद्या देतो करत शेवटपर्यंत दिले नाहीत, त्याचे पण आणि माझे पण.

आणि इकोचं सांगतो. आपल्याकडं ज्याच्या-त्याच्या डोक्यात बसलंय की माईकला इको पाहिजे, आवाज घुमला पाहिजे. भाषणाला चालत असेल, गाण्याला चालत असेल, विनोदाचं वाटोळं होतं. विनोदाचा शेवटचा शब्द कोरडा आणि स्पष्ट पडावा लागतो, तो घुमला की मागच्या रांगेला कळतच नाही काय म्हणला, आणि पुढचे हसायलेत अन् मागचे एकमेकांना विचारायलेत असं झालं की संपलं. तो बोलायला उभा राहिला की मी इको काढायचो आणि आयोजक येऊन मला ओरडायचे की आवाज मेल्यासारखा का येतोय. माझ्या धंद्यातल्या सगळ्या भावांना माझं हात जोडून सांगणं आहे, पोरगं विनोद करायला उभं राहिलं की इको शून्य करा, बेस कमी करा, आणि डीजेवाल्याला सांगा की मधे मधे ढॅण ढॅण वाजवायचं नाही. लोकांना हसू आलं तर ते हसतीलच.

मग एक दिवस त्यानं रात्रीची ट्रॅव्हल्स धरली. अंबाजोगाई शहरात रेल्वे नाही, रेल्वेनं जायचं तर घाटनांदूर, परळी नाहीतर लातूर गाठायचं, त्यामुळं आमच्याकडची पोरं ट्रॅव्हल्सनंच जातात. आधी पुण्याला, कॉट बेसिसवर राहिला, दिवसा एका दुकानात काम, रात्री ओपन माईक.

हे ओपन माईक मी एकदा पुण्याला सामान घ्यायला गेलो तेव्हा त्याच्यासोबत जाऊन बघितलं आणि खरं सांगतो, माझे डोळे उघडले. मला वाटलं होतं मोठं थिएटर असंल, लाईटा असतील. एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर चाळीसेक खुर्च्या. एक साधा वायरचा माईक, एक स्टँड, एक छोटा स्पीकर, भिंतीवर एक बल्ब. बास. मानधन नाही. पोरापोरींनी नाव द्यायचं, नंबर आला की जायचं, पाच मिनिटं बोलायचं, वेळ होत आली की मागून एक जण मोबाईलचा टॉर्च दाखवतो, मग आवरतं घ्यायचं. त्या रात्री बहुतेकांचं पडलं. एका पोरीच्या पाच मिनिटांत कुणी हसलं नाही, ती खाली उतरली, पाणी प्यायली आणि वहीत लिहायला बसली की कुठं चुकलं. तिला कुणी हुर्रे केलं नाही, कुणी व्हिडिओ काढून गावभर पाठवला नाही. आपला पोरगा मुकादमाचंच सांगायला उभा राहिला, पुण्यातल्या आयटीवाल्या पोरांना उचल म्हणजे काय ते माहीत नाही, निम्मे गप्प. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी तेच परत, पण आता आधी दोन वाक्यात सांगितलं की उचल म्हणजे पगार आधी घ्यायचा आणि नोकरी सोडायची सोय नाही, आणि कंपनीच्या बाँडवर नेऊन जोडलं. सगळे हसले. एका रात्रीत तो विनोद दुरुस्त झाला कारण लगेच दुसऱ्या रात्री उभं राहायला जागा होती.

संपादक साहेब, माझं सगळं म्हणणं ह्या एका गोष्टीत आहे. जे सामान त्या कॅफेत होतं तेवढं माझ्या टेम्पोच्या एका कोपऱ्यात पडलेलं असतं. त्याला काही लाख रुपये लागत नाहीत, सरकारची योजना लागत नाही. लागतं काय, तर ठरलेला दिवस, ठरलेली जागा, आणि पडायची मुभा. विनोद घरात बसून आरशासमोर होत नाही. गाणाऱ्याला एकट्याला रियाज करता येतो, विनोदवाल्याचा रियाज माणसांसमोरच होतो, ती नसली तर त्याला कळणारच नाही काय चालतंय. आपल्याकडं पोराला वर्षातून एकदा गणपतीत स्टेज मिळतं, पाच हजार लोकांसमोर, आणि तिथं पडला की गावात तोंड दाखवायची सोय नाही. चाळीस माणसांसमोर महिन्यातून चार वेळा पडायला मिळालं तर तो सहाव्या महिन्यात तयार होतो.

पुण्यातून तो मुंबईला गेला, ऑडिशन दिल्या, दोन-तीन ठिकाणी परत पाठवलं. एका ठिकाणी म्हणले गावाकडचा दारुडा कर. त्यानं केला, पण मला फोनवर म्हणला की भाऊ मला बोलीवर हसलेलं चालत नाही, बोलीत सांगितलेल्या गोष्टीवर हसले पाहिजेत. मला हे त्याचं फार पटतं. आमच्याकडं माणूस "काय करायलास" म्हणतो त्याच्यात हसण्यासारखं काही नाही, चार जिल्ह्यात सगळेच असं बोलतात. २०१४ ला चला हवा येऊ द्या आलं, २०१८ ला हास्यजत्रा, तेव्हापासून टीव्हीवर दर आठवड्याला नवीन स्किट लागतात, लिहिणारे लागतात, करणारे लागतात, म्हणजे पहिल्यापेक्षा दारं जास्त उघडी आहेत. पण दारापर्यंत जायला पुण्यामुंबईत दोन-चार वर्षं टिकावं लागतं, आणि ज्याचे मायबाप कोयत्यावर आहेत त्याला खोलीचं भाडं भरून ते किती दिवस जमणार. हा टिकला. त्याच्या त्या पाच जणांतले बाकीचे चार? एक ट्रॅक्टरवर आहे, एक पोलीस भरतीत लागला, एकाचं किराणा दुकान आहे, आणि चौथा, जो मजूर व्हायचा आणि माझ्या मते ह्याच्यापेक्षा पण भारी होता, तो आता स्वतःच टोळी घेऊन जातो. त्याला मी गेल्या गणपतीत म्हणलं बोल की दोन शब्द माईकवर, नको म्हणला. त्याच्यावर कुणी बातमी करणार नाही, म्हणून मी इथं लिहितो.

आता शाळेकडं परत येतो कारण सगळ्यात जास्त काळजी मला त्याची आहे. गेल्या काही वर्षांत गॅदरिंगला मी जातो तेव्हा सर लोक माझ्या हातात पेनड्राइव्ह देतात. सगळी गाणी, सगळे डान्स, ठीक आहे, ते पहिल्यापासून कॅसेटवर होतंच. पण आता नाटक पण पेनड्राइव्हवर असतं! टीव्हीवरचं नाहीतर यूट्यूबवरचं स्किट उतरवून घेतात, त्याचा आवाज मी लावायचा, आणि पोरं स्टेजवर नुसते ओठ हलवतात. हसण्याचा आवाज पण त्या ट्रॅकमध्येच भरलेला असतो. समोरचे पालक हसले काय, नाही हसले काय, ट्रॅक पुढं जातच राहतो, पोराला थांबायची सोयच नाही. अहो मग तो शिकणार काय? माईक माझ्याकडं आहे, चालू आहे, स्टँडवर लावून ठेवलाय, आणि त्याच्यासमोर पोरगं मुकं उभंय, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. सरांना पण दोष किती देणार, त्यांच्यामागं ऑनलाइन माहिती, सर्वे, पोषण आहार, निवडणूक, शंभर कामं. एका सरांनीच मला सांगितलं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभराच्या वर पोरं आहेत तिथं कलेसाठी अर्धवेळ शिक्षक धरलेला आहे. आपल्या तालुक्यातल्या किती शाळांत तो माणूस खरोखर आहे ह्याची तुमच्या वार्ताहरानं एकदा चक्कर मारून बातमी करावी, सत्काराच्या फोटोपेक्षा ती बातमी जास्त कामाची होईल. आणि तोपर्यंत मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, गॅदरिंगमध्ये एक, फक्त एक नाटुकलं पोरांच्या स्वतःच्या तोंडचं ठेवा. चुकूद्या, वाक्य विसरूद्या. विषय त्यांच्या घरचा घेऊद्या, पाणी कधी येतं, लाईट कधी जाते, एसटी का थांबत नाही, मोबाईलवर आई-बापाशी फडातून बोलणं कसं होतं. त्यांना लई सुचतं, मी स्टेजच्या मागं बसून त्यांचं आपसातलं बोलणं ऐकतो ना.

सत्काराला माझा विरोध नाही. पण सत्कारावर शाली-हार-बॅनर-डीजे मिळून जेवढा खर्च होणार आहे त्यात एखाद्या सभागृहातली छोटी मीटिंगची खोली वर्षभर महिन्यातून एक संध्याकाळ घेता येईल. नाट्यगृहाचं दिवसाचं भाडं कॉलेजच्या पोरांना परवडत नाही, आणि त्यांना हजार खुर्च्या नकोत पण, पन्नास खुर्च्या पाहिजेत आणि मागं बसून टॉर्च दाखवणारा एक माणूस. बीड, परभणी, लातूर, धाराशिव, नांदेड, प्रत्येक गावात अशी एक खोली निघू शकते, वाचनालयाची, मंगल कार्यालयाची वरची, शाळेची. पाच गावं झाली तर पोरगं एसटीनं आज इथं उद्या तिथं फिरून तेच पाच मिनिटं घासू शकतं, पुण्याला जायच्या आधीच तयार होऊ शकतं, आणि कुणाला नसेल जायचं तर इथं राहून पण कलाकार होऊ शकतं. पोरींना तर ह्याची जास्त गरज आहे, कारण पोराला घरचे ट्रॅव्हल्समध्ये बसवून देतात, पोरीला पुण्यात ओपन माईकला रात्री जाते म्हणलं की विषय संपला. गावातल्या खोलीत संध्याकाळी सहा ते आठ, आई सोबत येऊन बसली तरी चालंल.

तिकीट मात्र ठेवायचं. वीस ठेवा, तीस ठेवा, पण ठेवायचंच. फुकट ऐकणाऱ्याला मधेच उठून जायला काही वाटत नाही, आणि पोराच्या हातात पहिल्यांदा विनोदाचे म्हणून दोनशे रुपये पडले तर त्याच्या बापाला पण घरी सांगता येईल. आणि जे लोक त्याला आता लग्नात-कार्यात भेटल्यावर, ए एखादं करून दाखव ना, म्हणतात त्यांनी पण हे ध्यानात घ्यावं, सुताराला आपण रस्त्यात धरून खुर्ची करून दाखव म्हणत नाही.

माझ्याकडून मी काय करतो ते लिहितो. अंबाजोगाईत अशी खोली कुणी दिली तर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक माईक, एक स्टँड, एक स्पीकर आणि मी स्वतः, भाडं न घेता, वर्षभर. इको लावणार नाही. केज, परळी, धारूर, रेणापूर, जवळच्या तालुक्यात कुणी सुरू केलं तर डिझेलचे द्या, बाकी काही नको. तुमच्या पेपरनं स्थानिक पानावर फक्त दिवस, वेळ आणि जागा छापावी, आणि कधीतरी एखाद्या वार्ताहराला मागच्या खुर्चीवर बसायला पाठवावं, कोण पडलं अन् कोण उभं राहिलं ते लिहायला. आमचा पोरगा सत्काराला येणार आहे तेव्हा त्याला पण मी सांगितलंय की पहिल्या संध्याकाळी तूच उभा राहा, पाच मिनिटं, सगळ्यांसारखं नाव लिहून. हो म्हणलाय.

माझा मोबाईल नंबर पाकिटावर मागच्या बाजूला लिहिलाय, छापू नका, पण खोली देणारा कुणी आला तर त्याला द्या. दुपारी दोनच्या आत फोन करायला सांगा, नंतर मी कुठल्यातरी मंडपात असतो आणि आवाजात काही ऐकू येत नाही.

आपला,
एक साउंडवाला,
अंबाजोगाई, जि. बीड